हिरवा ठिपका

"या घरात देवाला फूल चुकेल एखादे दिवशी, पण त्या मेल्या माउसला हात लावायला कोणी चुकायचं नाही!"

मिक्सरच्या आवाजाखाली खपून जाईल म्हणून गीतांजली हे पुटपुटली होती. पण मिक्सर नेमका तेव्हाच थांबला आणि चटणीबरोबर वाक्यही बाहेर आलं. ओट्यापासून दोन हातांवर बसलेल्या अरुणाबाईंनी ते पुरतं ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणं आठ वर्षांच्या सासूपणात त्यांना चांगलं साधलं होतं. त्यांनी डाव्या हाताने मटाराची शेंग चेपली, दाणे ताटात पाडले आणि उजव्या हाताने टेबलावरचा माउस इकडून तिकडे सरकवला.

पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका हिरवा होता. तो हिरवाच राहिला.

निखिल शिरधनकर, अरुणाबाईंचा एकुलता एक, ऐरोलीच्या एका कंपनीत परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासत असे. आठवड्यातले दोन दिवस ऐरोलीला, उरलेले कामोठ्यातल्या घरून, जेवणाच्या टेबलावर. घरून काम करणाऱ्यांवर नजर ठेवायला कंपनीने कॉम्प्युटरात एक पहारेकरी बसवला होता. त्याचं नाव 'सोबती'. पाच मिनिटं माउस हलला नाही की सोबतीचा ठिपका पिवळा व्हायचा, दहा मिनिटांनी लाल. लाल झाला की निखिलचे साहेब, रणजीत सर, यांचा फोन आलाच समजा. "निखिल, सगळं ठीक ना? दिसत नाहीयेस तू!" आवाज असा काळजीने भिजलेला, की ऐकणाऱ्याला सर्दी व्हावी. महिन्याअखेर प्रत्येकाच्या हिरव्या तासांची यादी लागे आणि पहिल्या येणाऱ्याला 'समर्पित' म्हणत. निखिल चार महिने पहिला होता. त्यातला निखिलचा हिरवेपणा किती आणि अरुणाबाईंचा किती, हे मात्र सोबतीलाही ठाऊक नव्हतं.

सुरुवात साधीच झाली होती. "आई, दोन मिनिटं हात ठेव ना माउसवर, पटकन चहा पिऊन घेतो." दोन मिनिटांचा नाश्ता झाला, नाश्त्याचं जेवण झालं, मग आंघोळ. अरुणाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. माहेरी नवरात्रात अखंड दिव्यापाशी पाळ्या लावत. एक जेवायला उठली की दुसरी वातीपाशी बसायची. हेही तसंच. फक्त नवरात्र नऊ दिवसांत संपायचं.

"आजी, आता माझी पाळी ना?" सहा वर्षांची जाई विचारायची. ती तर दुपारी बाहुलीला मांडीवर घेऊन सांगत असे, "तू जेव गं बाळा, मी ठिपक्यावर बसते."

त्यावर तिचे आजोबा, मधुकरराव, खो-खो हसत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ हॉलमध्ये, देवांच्याही वर टांगलेलं होतं.

"कामात जीव ओतावा लागतो, सूनबाई," ते म्हणायचे. "तेहतीस वर्षांत एक बिनपगारी रजा नाही माझी. निखिल झाला त्या दिवशी मी दुसरी पाळी पूर्ण करून मग दवाखान्यात गेलो. विचार हिला."

"विचारायला कशाला हवं, बाबा. मूल झालं तेव्हा माणूस कुठे होता हे बाई विसरत नसते."

गीतांजली कळंबोलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळची पाळी करायची. सुई टोचायची सवय तिथलीच, असं मधुकरराव तिच्यामागे म्हणत. त्या सकाळी तिने निखिलच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला होता आणि आकडा बघून ती तडक चटणी वाटायला गेली होती. पुटपुटण्याचं मूळ ते.

"चार दिवस रजा टाक," तिने डबा भरता भरता सांगितलं. "गोळ्या चुकवतोस ते वेगळंच."

"हा महिना जाऊ दे गं. यादी लागली की टाकतो."

"मागच्या महिन्यात हेच म्हणालास."

"मग मी बदललो नाही, हे चांगलंच ना?" निखिल हसला. हसताना त्याचे डोळे पडद्यावरच होते.

काम त्याला आवडायचं, हे खोटं नव्हतं. लहानपणी गणित सुटलं नाही तर तो जेवायला उठत नसे. पण तेव्हा गणित सुटलं की उठायचा तरी. आता एक बिल संपलं की दुसरं उभंच.

अरुणाबाईंचा संशय मात्र भलतीकडे होता. आंघोळीला निखिलला फार वेळ लागू लागला होता. पूर्वी दहा मिनिटांत बाहेर येणारा मुलगा अर्धा अर्धा तास आत. नळ सुरू, पण तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज नाही. कोणाशी फोनवर बोलतो की काय? मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली की बाईच्या जातीला चैन पडत नाही. एके सकाळी त्यांनी सरळ दाराला कान लावला. आत पाण्याची धार आणि मधूनच एक लांब सुस्कारा. बाकी काही नाही. दाराच्या खालच्या जाळीतून डोकावल्या, तर पालथ्या घातलेल्या बादलीपुढे कोरडेच पाय दिसले. मुलगा बादलीवर नुसता बसला होता. नळ सोडून, कपड्यांसकट.

साडेसहाशे चौरस फुटांच्या त्या घरात ठिपका पोचत नाही अशी तेवढीच एक जागा होती.

अरुणाबाई पाय न वाजवता परत फिरल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून निखिल आंघोळीला गेला की त्या माउस जास्त मन लावून हलवू लागल्या. बसू दे बिचाऱ्याला. तेवढीच त्याची रजा.

*

तो गुरुवार होता. जाई शाळेत, गीतांजली लॅबमध्ये, मधुकरराव खाली सोसायटीच्या ऑफिसात पेपर वाचत. दहाला दहा कमी असताना निखिल उठला. कपाळ चोळत म्हणाला, "आई, बस जरा. डोकं फार ठणकतंय. आंघोळ करून येतो."

"बस हो तू निवांत," त्या म्हणाल्या. 'बस' हा शब्द त्यांनी मुद्दामच वापरला होता. तो कळला की काय, कोण जाणे. दारापाशी थांबून त्याने एकदा मागे पाहिलं आणि आत गेला.

नळ सुरू झाला. काहीतरी पडल्यासारखा आवाज आला. बादली पालथी घातली असेल, असं त्यांना वाटलं.

दहा वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर चौकट उघडली. रणजीत सरांचा निरोप. इंग्रजीत काहीतरी होतं, शेवटी प्रश्नचिन्ह. अशा वेळी काय करायचं हे निखिलने शिकवून ठेवलं होतं. चष्मा नाकावर सरकवून, एकेक अक्षर शोधत, एका बोटाने अरुणाबाईंनी लिहिलं: ओके सर. अंगठ्याची खूण आली. त्या खूश झाल्या. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला परदेशी बिलांच्या कंपनीने अंगठा दाखवला होता!

नळ चालूच होता.

दहा पस्तीसला त्यांच्या टाचेला काहीतरी गार लागलं. खाली पाहिलं तर बाथरूमच्या उंबरठ्यावरून पाणी आलं होतं. पायपुसणं भिजवून, टेबलाखालून, थेट त्यांच्या पावलापर्यंत.

त्यानंतरचं त्यांना तुकड्यातुकड्यांनीच आठवे. वॉचमनने खांद्याने तोडलेली कडी. मोरीच्या जाळीवर पडलेला निखिलचा पाय. वाकडं झालेलं तोंड. उघडे डोळे. ते डोळे उघडे होते, हेच सर्वांत वाईट.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

"आत्ताच हो," मधुकरराव घाईने म्हणाले. "दहापंधरा मिनिटं."

"नीट आठवा, आजोबा. अशा आजारात मिनिटामिनिटाने मेंदूचा भाग जातो."

"दहाला दहा कमी," अरुणाबाई म्हणाल्या. "आंघोळीला गेला तेव्हा."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, कागदावर काही लिहिलं आणि त्या धावत आत गेल्या. मधुकररावांनी बायकोचं मनगट धरलं. "वेळ सांगितलीस, बरं केलंस. पण तू त्या वेळात काय करत होतीस, हे कोणाला सांगायचं नाही. गीतांजलीला तर नाहीच. कळलं?"

निखिल वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळं समजायचं, पण शब्द ओठांशी येऊन फुटायचे. तीन आठवड्यांनी तो घरी आला. फिजिओथेरपीचा मुलगा रोज येऊन त्याचा उजवा पंजा एका फडक्यावर ठेवायचा आणि टेबलावर सरकवायला लावायचा. इकडून तिकडे. तिकडून इकडे. त्याच टेबलावर. अरुणाबाई तेवढा वेळ गॅलरीत जाऊन तुळशीची पिवळी पानं खुडत. एक दिवस तुळशीला पानंच उरली नाहीत.

घरात कोणी काही विचारत नव्हतं. गीतांजली सासूच्या हातचा चहा घ्यायची, कप धुऊन ठेवायची, तिच्याकडे पाहायची आणि नजर काढून घ्यायची. पंधरा मिनिटांत सगळं लक्षात आलं, असं सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं. ती फक्त "हं" म्हणाली होती.

मग एका दुपारी निखिल झोपलेला असताना अरुणाबाईंना नळाचा आवाज आला. धावत गेल्या तर बाथरूमचं दार उघडं होतं. मोरीच्या जाळीवर पोतेरं दाबून ठेवलेलं आणि नळाखालून पाणी चढत असलेलं. गीतांजली बाहेर उंबरठ्यापाशी उकिडवी बसली होती. डोळे मनगटावरच्या घड्याळावर.

"काय करतेस गं?"

"काही नाही, आई. मोरी तुंबते का बघतेय."

दोघी तशाच थांबल्या. पाणी चढत होतं. बऱ्याच वेळाने ते उंबरठ्यावरून ओघळलं. गीतांजलीने नळ बंद केला, पोतेरं पिळलं, फरशी पुसली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणा करतात त्या चौकोनात, पेनाने आकडा लिहिला. ३६.

"हे काय?" संध्याकाळी मधुकररावांनी विचारलं.

"नळाचं माप आहे, बाबा."

छत्तीसचा आकडा महिना बदलेपर्यंत तिथे होता. येता-जाता तिघंही तो पाहत, आणि पाहिला नाही असं दाखवत.

*

रणजीत सर फळांची टोपली घेऊन आले. जेमतेम चाळिशीचे, हसतमुख. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. अरुणाबाईंना जास्त वाकणाऱ्या माणसाची पहिल्यापासून धास्ती.

"काकू, निखिल आमची फॅमिली आहे." असं म्हणताना त्यांची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर होती. "हा मी घेऊन जातो. त्यात क्लायंटची माहिती असते ना. बाय द वे, त्या दिवशी घरी कोण कोण होतं?"

"मीच होते."

"अच्छा. तो सकाळपासून नॉर्मल होता ना? म्हणजे कामाचं काही टेन्शन वगैरे... तसं काही नव्हतं?"

"होतं," गीतांजली म्हणाली. "रक्तदाबाचा आकडा सांगू?"

"सूनबाई, चहा टाका," मधुकरराव मध्ये पडले.

रणजीत सरांनी चहा संपवला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि जाताना सांगितलं, की पुढच्या महिन्यात ऐरोलीला कंपनीचा 'समर्पण दिन' आहे आणि निखिलचा सत्कार करायचं ठरलंय. "आपल्याकडे नोकरी करणारे ढीगभर असतात, काका. झपाटलेले फार थोडे."

मधुकररावांचे डोळे भरून आले. अरुणाबाईंना मात्र दापोलीकडचं माहेर आठवलं. तिथे झपाटलेल्या माणसाला धरून उतारा काढायला नेत. सत्कार करत नसत.

त्यानंतर चार दिवसांनी पायल आली. निखिलच्याच टीममधली, बोनकोड्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तापातून उठल्यासारखी दिसत होती.

"जास्त नाय बसत मी, काकू. घरी आईला ठिपक्यावर बसवून आलेय." मग चूक झाल्यासारखी तिने जीभ चावली.

"बस गं. आमच्याकडे ऐकायला सोबती नाही आता. नेला तो."

पायल हसली. "आमची आई कोलंबी सोलता सोलता माउस हलवते. असा वास हाय ना त्याला, शेजारची मांजर येऊन टेबलावरच बसते. मी म्हटलं आई, तिलाच शिकव हलवायला!"

निखिलही तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला. किती दिवसांनी. पण जायच्या वेळी दारात पायल घुटमळली. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, निखिल सरांचा फोटो लावलाय ऑफिसात, लिफ्टच्या बाहेर. खाली त्यांचं ते 'ओके सर'. दहा वाजून बारा मिनिटं. मना टायफॉइड झालेला, सुट्टी मागितली, तर रणजीत सर बोलले, तो फोटो एकदा बघून ये आणि मग माग. सगल्यांना तेच सांगतात. एकाची बायको बाळंतपणाला गेलेली, त्याला पन." तिने अरुणाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "निखिल सरांनी त्या हालतीत कसं लिहिलं असेल हो ते?"

अरुणाबाईंनी दाराची चौकट धरली. तोंडातून एवढंच निघालं, "सांभाळून जा हो बाळ."

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा उमगलं. ते दोन शब्द त्यांनी मुलाला घटकाभर बसता यावं म्हणून लिहिले होते. आता त्याच शब्दांनी परक्याच्या तापलेल्या लेकीला उठवून कामाला बसवलं होतं.

"अहो, मी सांगून टाकते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय सांगणार? तूच हलवत होतीस म्हणून? म्हणजे सगळं तुझ्या माथी मारायला ते मोकळे! म्हणतील, म्हातारीने ठिपका लाल होऊ दिला असता तर आमचा फोन आला असता, पोरगा लवकर सापडला असता." मधुकरराव थांबले. हळू आवाजात म्हणाले, "आणि ते खोटं तरी असेल का, अरुणा?"

हे अरुणाबाईंच्या मनात रोज येत होतं. दुसऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा आलं.

*

समर्पण दिन कामाच्या दिवशीच होता, सकाळी अकराला. कार्यक्रमाचा वेळ कामात धरला जाणार नव्हता, पण हजेरी सक्तीची होती, त्या दिवशी घरून काम असणाऱ्यांनाही. चौथ्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये टेबलं हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. चाकाच्या खुर्चीत निखिल पुढे, शेजारी गीतांजली, मधुकरराव आणि अरुणाबाई. लिफ्टबाहेरचा फोटो अरुणाबाईंनी येताना पाहिला होता. जाईच्या वाढदिवसाचा होता तो. केक कापणारी जाई कापून टाकलेली.

समोरच्या मोठ्या पडद्यावर नावांची यादी होती.

"ही आपली आजची लाइव्ह टीम," रणजीत सर माइकवर म्हणाले. "आज घरून काम करणारे तेवीस जण. आणि बघा, तेवीसच्या तेवीस हिरवे! याला म्हणतात कल्चर!"

टाळ्या वाजल्या. अरुणाबाईंनी चष्मा पुसला. यादीत वरून चौथं नाव पायलचं होतं. ठिपका हिरवागार. त्यांनी मान वळवली. तिसऱ्या रांगेत पायल बसली होती आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माणसांकडे. कोणीच पडद्याकडे पाहत नव्हतं. जो तो पायाच्या अंगठ्याकडे, नाहीतर खिडकीकडे. रणजीत सरांची नजरही एकदा पडद्यावरून खुर्च्यांवर गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. म्हणजे यांनाही माहीत होतं तर. पहिल्यापासून.

मग निखिलवर भाषण झालं. पडद्यावर तो निरोप मोठा करून दाखवला. "अर्धं शरीर साथ सोडत होतं मित्रांनो, आणि या माणसाने काय लिहिलं? ओके सर!" निखिलच्या घशातून घोगरा आवाज आला. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. एकदा, दोनदा. लोकांना वाटलं, भरून आलं. तो मान वळवून आईकडे पाहत होता. त्याला सगळं समजत होतं. हे शब्द आपले नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं? इतके दिवस सांगता येत नव्हतं, एवढंच.

शाल झाली, नारळ झाला. "आता या समर्पित मुलाला घडवणाऱ्या माउलीने दोन शब्द बोलावेत," असं म्हणत रणजीत सरांनी माइक पुढे केला.

मधुकररावांनी पदर ओढला. "आभार मान आणि बस."

अरुणाबाई उठल्या. त्यांनी निखिलच्या खुर्चीची पाठ धरली.

"नमस्कार. मला भाषण येत नाही. लिहितासुद्धा एका बोटाने येतं." थोडं हसू उमटलं. "ते वर लिहिलंय ना, ओके सर, ते या बोटाने लिहिलेलं आहे. निखिलने नाही. मी."

हसू थांबलं.

"तेव्हा तो आत पडला होता. बावीस मिनिटं झाली होती. आणखी तेवीस मिनिटं मी बाहेर बसून तुमचा ठिपका हिरवा ठेवत होते." त्या गीतांजलीकडे वळल्या. "छत्तीस नाही गं, बाळा. पंचेचाळीस."

गीतांजलीने डोळे मिटले. पण तिचा हात पुढे आला आणि सासूचा पदर धरून राहिला. त्याच पदराचं दुसरं टोक मधुकररावांच्या हातात होतं. त्यांनी ते हळूच सोडलं.

"काकू, तुम्ही इमोशनल झालायत, आपण नंतर..." रणजीत सर माइक घ्यायला पुढे झाले.

"थांबा हो जरा. तुमच्यासाठी रोज बसायचे मी, तुम्ही माझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहा." त्यांनी माइक सोडला नाही. "मी हात लावला नसता तर ठिपका लाल झाला असता, तुमचा फोन आला असता, हे मला समजतं. रोज समजतं. ती चूक माझी आहे, कोणावर ढकलत नाही. पण मी दार का नाही वाजवलं, तेही ऐका. तो रोज तिथे नळ सोडून नुसता बसायचा. पस्तिशीचा कर्ता मुलगा, स्वतःच्या घरात, बादलीवर लपून. काम तो मनापासून करायचा, ते तुम्हाला पुरलं नाही. तुम्हाला त्याचा श्वाससुद्धा मोजून हवा होता. मला वाटलं, बसू दे. आणि त्या बसण्याची तुम्ही पाटी करून लिफ्टपाशी लावलीत, आजारी पोरींना दाखवायला. ती आजच्या आज काढा. माझ्या नातीचा फोटो आहे तो, अर्धा कापलेला."

अरुणाबाईंनी तेच बोट उचलून पडद्याकडे केलं.

"आता तुम्हाला विचारते. ही तेवीस नावं. ठिपके सगळे हिरवे. आणि तुम्ही तेवीसजण तर माझ्यासमोर मांडीवर हात ठेवून बसलाय." त्यांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली. "मग आत्ता, या घडीला, तुमच्या घरी माउसवर कोणाचा हात आहे?"

कोणीतरी खोकलं. मागच्या रांगेत एकाने मान आणखी खाली घातली. पडद्यावर तेवीस हिरवे ठिपके लुकलुकत होते.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पायल उभी राहिली. तिने गळ्यातलं ओळखपत्र मुठीत गच्च धरलं होतं.

"माझ्या आईचा, काकू," ती म्हणाली. "सकालपासून बसलीय ती. आणि आज ताप तिला हाय."